घरची शाळा, मंगळाची वारी

सहा वर्षांच्या मुलाने शाळेत गेले पाहिजे, ही गोष्ट महाराष्ट्रात आता वादाची राहिलेली नाही, असे मानण्याचा प्रघात आहे. प्रघात चांगला आहे आणि तो फुकटात पदरी पडलेला नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलीला घराबाहेर शिकायला पाठवणे हाच अधर्म समजला जात होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी तोच मार्ग धरला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरवला. त्या काळचा एक रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हती. मूल ही आईबापांची खाजगी मालमत्ता नव्हे, त्याच्या शिकण्यावर समाजाचाही हक्क आहे, असे त्या दंडाने बजावले. अशा प्रांतात काही सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी असलेले आईबाप समजून-उमजून आपल्या मुलाला शाळेत घालत नाहीत, घरीच वाढवतात आणि घरीच शिकवतात, हे ऐकल्यावर शिक्षकाच्या कपाळाला आठी पडली तर त्याला दोष देता येणार नाही. शंभर वर्षे ओढून आणलेला गाडा पुन्हा उताराला लागला काय, अशी शंका त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

पण शंका आली म्हणजे निकाल लागला असे नव्हे. ही घरे आहेत कशी, तेथे चालते काय, हे आधी पाहिले पाहिजे.

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील माण हे गाव त्यासाठी सोयीचे आहे. हिंजवडीला लागून असलेल्या या गावाच्या जमिनीवर माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा विस्तार झाला आणि एका पिढीच्या आत शेताच्या बांधापलीकडे काचेचे मनोरे उभे राहिले. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. प्रगती दारात येते तेव्हा ती जमीन मागत येते, हे मुळशीला नव्याने सांगावे लागत नाही. १९२१ साली सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध उभारलेला सत्याग्रह याच तालुक्यातला. असो. सांगायचे ते एवढेच की, म्हशींचा कळप आणि परदेशी कंपनीची बस जेथे एकाच वळणावर एकमेकींसाठी खोळंबतात, तेथे वाढणाऱ्या मुलाला विज्ञानकथेसाठी निराळा देखावा लागत नाही. खिडकी उघडली की भूतकाळ आणि भविष्यकाळ दोन्ही दिसतात.

अशा ठिकाणचे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. आई-वडील दोघेही संगणकावर काम करणारे. एकाची पाळी अमेरिकेच्या घड्याळाने चालते, म्हणजे घरात दिवस केव्हा उजाडतो याविषयी आधीच मतभेद. सातारा किंवा सांगलीकडून आलेली आजी. आणि सात वर्षांचे एक मूल, जे शाळेत जात नाही आणि ज्याचा मुक्काम बहुतेक वेळ पृथ्वीवर नसतो. धुण्याच्या यंत्राचे खोके हे त्याचे यान. त्याला शिंप्याच्या खडूने खिडक्या काढलेल्या. कुकरची शिटी ही उड्डाणाची खूण. तिसरी शिटी झाली की यान सुटते आणि आजीला काम लागते.

"आजी, तू आता पृथ्वी आहेस. मी विचारलं की तू उत्तर द्यायचं."

"पृथ्वीची अजून पूजा व्हायची आहे. तुझं यान जरा थांबव."

"यान थांबत नसतं आजी, ते फिरत राहतं."

"मग फिरत राहा. पडू नकोस म्हणजे झालं."

आता गंमत अशी की, आजीच्या या उत्तरात न्यूटन येऊन बसलेला आहे. पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह पडत नाही असे नाही. तो सतत पडतच असतो, पण पुढे जाण्याचा त्याचा वेग इतका असतो की जमीन त्याच्या खालून वळून जाते. हे आजीला ठाऊक नसते, मुलालाही नसते, पण "पडत का नाही?" हा प्रश्न एकदा निघाला की दुपारपर्यंत सुतळीला दगड बांधून गच्चीवर गरगर फिरवला जातो, शेजारच्या कुंडीचा बळी जातो आणि आईला रात्री झोपण्यापूर्वी स्वतःचे अकरावीचे भौतिकशास्त्र आठवावे लागते.

जेवणाच्या वेळी आणखी अडचण. हाका मारूनही मूल येत नाही. बऱ्याच वेळाने येते ते खुलासा घेऊनच: आपण मंगळावर होतो आणि पृथ्वीवरून निघालेला निरोप मंगळावर पोहोचायला किमान तीन मिनिटे लागतात. खुलासा खोटा म्हणता येत नाही. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हा प्रकाशाला, आणि म्हणून रेडिओच्या संदेशालाही, सुमारे तीन मिनिटे लागतात. तो सूर्यापलीकडे असतो तेव्हा हाच काळ सुमारे २२ मिनिटांपर्यंत जातो. वडील एवढेच म्हणतात, "बरोबर आहे. पण वरण मात्र पृथ्वीच्या वेळेने गार होतं." मग गार वरणाबरोबर गुणाकार निघतो. सेकंदाला तीन लाख किलोमीटर, तीन मिनिटांचे १८० सेकंद, म्हणजे ५ कोटी ४० लाख किलोमीटर. सात वर्षांच्या मुलाला कोटीची ओळख पाढ्यांच्या पुस्तकातून होत नाही. जेवायला उशीर का झाला, हे सिद्ध करण्याच्या भरात ती होते.

हे सारे परदेशातून आलेले फॅड आहे, असे म्हणणाऱ्यांनी एका मराठी घराची आठवण ठेवावी. बनारसला हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असलेल्या विष्णू वासुदेव नारळीकरांच्या घरात भिंतीवर फळे बसवलेले होते. घरी राहायला आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्या फळ्यावर भाच्यासाठी गणितातले एखादे आव्हान लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत पुसायचे नाही, असा रिवाज. आई सुमतीबाई संस्कृत जाणणाऱ्या. तो भाचा म्हणजे जयंत नारळीकर. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने आणि पत्नी मंगलाबाईंच्या अक्षरात, म्हणजे परीक्षकांनी नावाला भुलू नये. नाव घेतल्याशिवाय पारितोषिक मिळवण्याची ही तऱ्हा मराठी साहित्यात फारशी रुळलेली नाही. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली आणि मराठीत विज्ञानकथेला मानाचे पान मिळाले. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे गेले. मे २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्याही आधी, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, 'केरळ कोकिळ' मासिकाने ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कथा मराठी वाचकांपुढे आणली होती. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांचा गाववालाच करून टाकले. मराठी मध्यमवर्गाच्या एका पिढीने उन्हाळ्याच्या सुट्टीत माजघरात पालथे पडून चंद्रावर स्वारी केली, आणि त्यासाठी तिने कोणाची परवानगी मागितली नाही.

मात्र नारळीकरांच्या घरातला फळा पाहताना दुसरी गोष्टही पाहिली पाहिजे. जयंत शाळेत जात होता. घरचा फळा हा शाळेला पर्याय नव्हता. शाळा सुटल्यावर उरलेल्या वेळाचे ते सोने होते. गृहशिक्षणाचे आजचे पुरस्कर्ते या घराकडे बोट दाखवतात तेव्हा ही अर्धी बाजू त्यांच्या बोटाआड जाते.

शाळेविरुद्ध त्यांची तक्रार काय, हे सर्वांना पाठ आहे. प्रश्न विचारला की "हे परीक्षेला नाही" असे उत्तर मिळते; तास संपल्याची घंटा कुतूहलाच्या मधोमध वाजते; चित्रातले आकाश निळेच हवे. तक्रारीत तथ्य आहे. अमेरिकेत जॉन होल्ट यांनी १९६४ साली मुले शाळेत अपयशी का होतात याची चिकित्सा केली, १९७७ साली शाळेवाचून वाढणाऱ्या मुलांसाठी नियतकालिक काढले. इव्हान इलिच यांनी १९७१ साली समाजालाच शाळामुक्त करण्याची भाषा केली. त्यांच्या टीकेचा रोख आपल्याकडच्या वर्गांनाही लागू पडतो. पण होल्ट वाचून शाळेला नावे ठेवणाऱ्याने एकदा प्राथमिक शिक्षकाचा दिवसही पाहावा. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, मतदारयाद्या, जनगणना, ऑनलाइन माहिती भरण्याचे रोजचे नवे फर्मान, आणि यांतून वेळ उरला तर वर्ग. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवले आहे. माणच्या त्या घरात एका मुलामागे आई, वडील, आजी आणि इंटरनेट अशी चार माणसांची, किंवा साडेतीन माणसांची म्हणा, नेमणूक आहे. या दोन ठिकाणच्या कुतूहलाची तुलना करून शाळेला नापास करणे हा न्याय नव्हे.

घरी शिकण्याचे सर्वांत तेजस्वी मराठी उदाहरण याहून जुने आहे आणि त्याचा विसर पडू नये. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. तेथे १८५८ साली जन्मलेल्या रमेला आईने शिकवले. तीर्थयात्रेच्या वाटेवर, धर्मशाळेत, पायी चालताना. त्या मुलीने शाळेचा उंबरठा पाहिला नाही, आणि विसाव्या वर्षी, १८७८ साली, कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. घरशाळेच्या बाजूने याहून मोठा पुरावा कोणी आणणार नाही. पण पंडिता रमाबाईंनी पुढे काय केले? १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली, तेव्हा त्यांनी मुलींसाठी प्रशिक्षित स्त्री-शिक्षिका मागितल्या, शाळांवर स्त्री-निरीक्षक मागितल्या. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. याच हंटर आयोगाला जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले होते आणि बहुजनांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असा आग्रह धरला होता. एक शाळा काढणारा, दुसरी शाळेत कधीच न गेलेली. दोघांचे अनेक बाबतींत पटले नसते, पण सरकारपुढे उभे राहिल्यावर दोघांनी मागितली ती शाळाच. घर चांगले असण्याचे भाग्य रमेला लाभले. प्रत्येकीला ते लाभणार नाही, हे रमाबाईंनी ओळखले होते.

आणि विज्ञानकथेलाच साक्षीला बोलवायचे, तर तीही घरशाळेच्या बाजूने सरळ उभी राहत नाही. आयझॅक आसिमॉव्ह यांनी १९५१ साली एक छोटी कथा लिहिली. केंद्रीय मंडळाच्या नववीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ती अनेक वर्षे पहिला धडा म्हणून होती, त्यामुळे पुष्कळ शिक्षक-विद्यार्थ्यांच्या ओळखीची आहे. बाविसाव्या शतकातली दोन मुले. प्रत्येकाच्या घरी यांत्रिक शिक्षक. ज्याच्या त्याच्या बुद्धीच्या मापाने बेतलेला. माळ्यावर त्यांना कागदाचे जुने पुस्तक सापडते, त्यात जुन्या काळच्या शाळेची हकीकत. तेथे माणूस शिकवायचा, आणि सगळी मुले एकत्र बसायची. धाकटी मुलगी आपल्या यंत्रापुढे बसते, पण मन त्या जुन्या शाळेच्या अंगणात गेलेले. कथा लिहिली त्यानंतर सत्तर वर्षांच्या आत ती खरी ठरली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, आणि दीड-दोन वर्षे महाराष्ट्रातले प्रत्येक मूल घरी शिकणारे मूल झाले. ज्याच्या घरी मोबाइल नव्हता, ते तेवढेही राहिले नाही. शाळा उघडल्यावर मुले धावत गेली ती फळ्याकडे नव्हे, एकमेकांकडे.

माणच्या त्या खोक्याच्या यानात हीच एक उणीव आहे. यानात कप्तान आहे, पृथ्वीवर आजी आहे, पण दुसरा अंतराळवीर नाही. आजी हरण्याचे नाटक करते. दुसरे सात वर्षांचे मूल तसे करणार नाही. ते म्हणेल, आज मी कप्तान, तू मंगळ. या भांडणातून जे शिकायला मिळते, त्यासाठी कोणतेही पुस्तक निघालेले नाही. जाणते पालक हे ओळखतात. मैदान, नाट्यवर्ग, गावची तालीम, इतर घरशिक्षित मुलांच्या गाठीभेटी असे मार्ग शोधतात. पण गाठीभेट ठरवून होते ती आपल्यासारख्यांशीच. वर्गात शेजारी कोण बसणार हे आपल्या हाती नसते, आणि शाळेचा मोठा गुण कोणता म्हणाल तर तोच.

येथे खरा मुद्दा येतो. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे कायद्याने पालकाचे कर्तव्य ठरवले, पण न केल्यास शिक्षा ठेवली नाही. शाहू महाराजांचा एक रुपया या कायद्यात नाही. दंड ठेवला असता तर तो प्रथम पोटासाठी भटकणाऱ्यालाच बसला असता, म्हणून हे योग्यच झाले. मात्र त्यामुळे गृहशिक्षण हे कायद्याने मना नाही आणि कायद्यात त्याला नावही नाही, अशी अवस्था आहे. पुढची वाट मोकळी आहे: १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची व्यवस्था वयाची चौदा वर्षे पुरी झालेल्याला दहावीला बसू देते; राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म प्रत्येक शाळेतल्या कारकुनाला पाठ आहे. कधीही परत यावेसे वाटले तर वयानुरूप वर्गात प्रवेश देणे शाळेवर बंधनकारक आहे.

आता माणच्या रस्त्यावर पुन्हा यावे. त्या काचेच्या मनोऱ्यांच्या बांधकामावर विटा वाहणारी माणसे मराठवाड्यातून, कर्नाटकातून, बिहारमधून येतात. त्यांचीही सात वर्षांची मुले असतात. तीही शाळेत नसतात. त्यांच्याही खेळात सिमेंटच्या रिकाम्या गोणीचे काहीतरी बनलेले असते. विमान असेल, यान असेल, कोणी विचारलेले नसते. शाळाबाह्य मुलांचा शोध घेणारे शिक्षक पत्रक घेऊन निघतात, तेव्हा दोन्ही मुले एकाच रकान्यात बसतात: शाळेत दाखल नाही. एकाच्या घरी दाराशी इंग्रजीत समजावून सांगणारी आई भेटते आणि शिक्षक संकोचून परत फिरतो. दुसऱ्याच्या झोपडीला त्या वेळी कुलूप असते. एकाचे शाळेत नसणे ही निवड, दुसऱ्याचे ही लूट. कायद्याच्या कागदावर या दोहोंत फरक करणारा शब्द नाही, आणि तो नसल्याचा फायदा दरवेळी पहिल्यालाच मिळतो.

यावर उपाय म्हणून घरशाळांवर वरवंटा फिरवावा, असे मुळीच नाही. ज्या घरात वरण गार होण्यावरून कोटीचा गुणाकार निघतो, त्या घराला नोटीस पाठवणारा अधिकारी शिक्षणाचा मित्र नव्हे. पण त्या घराच्या पुण्याईतले काही सार्वजनिक करता येण्याजोगे आहे. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला हेच केले होते. आदिवासी मूल शाळेकडे येत नाही म्हणून त्यांनी अंगणवाडी पाड्यावर नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. शाळेचे आणि घराचे कुंपण त्यांनी शिक्षणाच्या सोयीसाठी मोडले, शाळेला टाळण्यासाठी नव्हे. पुण्यात 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या अशा टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. त्या वास्तूचे नाव 'पुलस्त्य', सप्तर्षींतला एक आणि पु. लं.चीही आठवण. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांना पाहायला खुली होते. यांतली कोणतीही जागा दप्तर कोठले, असे विचारत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली शनिवारी दुपारनंतर रिकामीच असते. तेथे घरी शिकणारे मूल आपले खोक्याचे यान घेऊन यावे, बांधकामावरचे मूल आपली गोणी घेऊन यावे, पटावरची मुलेही यावीत; नारळीकरांची, भागवतांची पुस्तके कपाटात कुलूपबंद न राहता सतरंजीवर यावीत. आई-वडिलांपैकी ज्यांना आपल्या मुलाला शिकवायला वेळ आहे, त्यांनी त्यातला एक तास इतरांच्या मुलांना द्यावा. याला शासनाचा निर्णय लागत नाही; मुख्याध्यापकाची किल्ली आणि शाळा व्यवस्थापन समितीचा एक ठराव पुरतो. शासनाने आपल्या बाजूने एवढे करावे की, शाळाबाह्य मुलांच्या पत्रकात आणखी एक रकाना काढावा: घरी शिकते, कोण शिकवते, वर्षातून एकदा कोणी भेट दिली. रकाना निराळा झाला की उरलेल्या नावांपुढे झोपडीला कुलूप होते, एवढे लिहून पत्रक बंद करता येणार नाही. त्या नावांसाठी शिक्षकाला संध्याकाळी, मजूर कामावरून परतल्यावर, पुन्हा एकदा जावे लागेल.